खाली बसवलेली गाडी

सोमवार, ९ डिसेंबर १९९६. सकाळचे पावणेआठ. पळस्पे फाट्याजवळच्या माझ्या कार्यशाळेचे दार मी नुकतेच उघडले होते. कुलूप अजून हातात होते. तेवढ्यात एक मोठी पांढरी जीपगाडी आवारात शिरली आणि पत्र्याच्या शेडपाशी थांबली. गाडी नवी होती, वर्षाच्या आतली. परंतु ती जमिनीच्या जितकी जवळ उभी होती तितकी कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडत नाही. मागच्या टायरचा वरचा भाग पत्र्यात लपला होता. तिची कोणी तरी उंची उतरवली होती. मला राग आला.

त्या रागाचे कारण सांगितले पाहिजे. आयुष्याची अठ्ठावीस वर्षे मी प्रवासी बसगाड्यांच्या कार्यशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर हे छोटे काम सुरू केले. पाटे, म्हणजे गाडीचे वजन तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, शाफ्ट, स्टिअरिंग, एवढेच मी पाहत असे. इंजिनाला हात लावत नसे. त्या वर्षांत पनवेलच्या आसपासच्या गावांतील शेते नव्या शहराकरिता गेली आणि ज्या अंगणात बैल बांधले जात तिथे मोठ्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. गाडी आली की काही तरुणांना ती खाली बसवावीशी वाटे. मागचे पाटे काढायचे, पुढची बाजू तोलणाऱ्या पिळाच्या दांड्या सैल करायच्या, काचा काळ्या करायच्या आणि तीन सुरांचा हॉर्न लावायचा. महिन्याभरात तीच गाडी तुटलेल्या पाट्यांसह माझ्याकडे येई. शेवटी मी दारावर पाटी लावली होती : ‘येथे गाडी खाली बसवून मिळणार नाही.’

गाडीतून उतरलेला मनुष्य पस्तिशीचा असावा. त्याने शेडच्या उंबऱ्याशी चपला काढल्या. माझ्या कार्यशाळेत चपला काढून येणारे गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिले नव्हते. जमिनीवर ग्रीस होते. त्यातून तो अनवाणी चालत आला.

“काका, गाडी थरथरते.”

“पाटी वाचता येते का?”

त्याने वळून पाटी वाचली. “वाचली.”

“मग?”

“बसवून नाय पायजे. बसलेलीच हाय. थरथर तेवढी काढून द्या.”

“ज्याने बसवली त्यानेच थरथर दिली. त्याच्याकडे जा.”

“तो लोहार हाय, काका. तो बोलला, मला बैलगाडीचे चाक कळते, मोटारीतले काय कळत नाय.”

“हे त्याने घणाचा पहिला घाव घालण्याआधी बोलायला हवे होते.”

मी कुलूप खुंटीला लावले आणि कामाचे कपडे चढवले. तो तिथेच उभा होता. मग खाली पाहत म्हणाला, “आईसाठी बसवली. तिला चढता येत नाय.”

मी त्याला बाकावर बसायला सांगितले.

तो जवळच्या ओवे गावचा. पूर्वी घरची भातशेती होती आणि खाडीकाठी मिठागर होते. आईच्या कमरेच्या हाडात गाठ निघाली होती. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात एक दिवसाआड किरणांचे शेक देत होते. निम्मे शेक झाले होते. मागच्या दोन खेपा तिने चुकवल्या. गाडीत पाय ठेवणार नाही, असे तिने सांगून टाकले होते. डॉक्टरांनी निरोप दिला होता की आणखी खंड पडला तर झालेले शेकही वाया जातील. पुढची खेप दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी होती.

कोणीही विचारील तेच प्रश्न मी विचारले.

“भाड्याची मोटार कर. ती खाली असते.”

“तिच्यात कंबर वाकवून शिरावे लागते. तिची कंबर वाकत नाय. आपल्या गाडीत ती पाठमोरी होऊन सीटवर टेकते, मग मी पाय फिरवून आत घेतो.”

“मग हळू चालव.”

“पन्नासच्या वर गेले की थरथरायला लागते. पन्नासच्या आत ठेवली तर दोन तास लागतात. तिला तासाभराच्या वर बसवत नाय.”

“रुग्णवाहिका?”

“ती बोलते, चौघांनी उचलायचे ते एकदाच. जित्तेपणी नाय.”

मी गाडीची किल्ली मागितली.

आम्ही गाडी घेऊन निघालो. कळंबोलीच्या पुढे मुंबईच्या दिशेने रस्ता सरळ आणि बरा होता. मी चालवत होतो. पन्नासच्या थोडे पुढे काटा गेला आणि वरच्या आरशातील चित्र पुसट झाले. स्टिअरिंग मात्र माझ्या हातात शांत होते. चाकांचा तोल बिघडलेला असता तर ते आधी हाताला कळले असते. मी गिअर काढला आणि गाडी नुसती धावू दिली. इंजिनाचा आवाज उतरला, थरथर तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनातही नव्हता. तो माझ्या पाठीमागे कुठे तरी होता.

मी गाडी कडेला घेतली. “आई कुठे बसते?”

“मधल्या सीटवर. उजव्या बाजूला.”

“तू कधी तिथे बसलास?”

“गाडी मीच चालवतो ना.”

“आज तिथे बस. पाठ टेकून, पाय खाली सोडून. ती बसते तसा.”

तो मागे गेला. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि साठ, पासष्ट, सत्तर असा वेग वाढवत नेला. मला पुढे जाणवत होते ते थोडे होते. मागून त्याचा आवाज आला. तो बोलत होता, परंतु शब्द फुटून येत होते, जणू कोणी त्याच्या पाठीत धपके मारत होते.

“काका, हळू घ्या. हळू घ्या, काका.”

मी वेग उतरवला.

“मी तिला बोललो,” तो म्हणाला, “नाटकं करतेस. दोनदा बोललो.”

गाडी चालवणाऱ्याला मागच्याचे हाल कळत नाहीत. बसगाड्यांतही मी हे पाहिले होते. चालक गाडी उत्तम आहे म्हणून लिहून देत आणि शेवटच्या बाकावरचे प्रवासी घरी जाऊन कंबर शेकत. त्याला मी तेवढे सांगितले. समजूत घालण्याची सवय मला नाही.

मागची बाजू पाहावी म्हणून मी गाडी थांबवली आणि उतरून मागचे दार उघडले. तिथे आडव्या सीटांच्या मधोमध ताडपत्रीखाली काही तरी ठासून भरले होते. मी ताडपत्री उचलली. चार पोती.

“हे काय?”

“मीठ.”

“उद्या रुग्णालयात विकायला नेणार होतास?”

“नाय हो. गाडी जड बसावी म्हणून. थरथरायला लागली तेव्हा आधी दोन टाकली. मग आणखी दोन.”

“कोणी सांगितले?”

“सांगायला कोण पाहिजे? रिकामी बैलगाडी खडखडते. भरली की गप चालते.”

त्याने हे अगदी खात्रीने सांगितले. मिठागरातून भरल्या गाड्या हाकत वाढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? त्याच्या घरी पोतीही मिठाचीच होती. एका पोत्याचे पाणी सुटून खालच्या पत्र्याला तांबूस डाग पडले होते. मी बोट लावून त्याला दाखवले.

“मीठ टाकल्यावर थरथर कमी झाली?”

तो विचार करू लागला. “नाय. वाढली. आधी पासष्टच्या पुढे यायची. मग पन्नासला यायला लागली.”

“तरी आणखी दोन पोती टाकलीस?”

“वाटले, अजून कमी पडतात.”

आम्ही कार्यशाळेत परतलो आणि पोती उतरवून भिंतीशी रचली. पुन्हा कळंबोलीच्या रस्त्याला गेलो. त्याचे म्हणणे खरे निघाले. आता थरथर पासष्टच्या पुढे सुरू झाली. गाडी जितकी खाली दबे तितका दोष वाढत होता. त्याच्या चुकीच्या उपायानेच मला दिशा दाखवली. एरवी अर्धा दिवस मी चाके उतरवण्यात घालवला असता.

कार्यशाळेतल्या तपासणीच्या खड्ड्यावर गाडी घेऊन मी खाली उतरलो. लोहाराचे काम वाईट नव्हते. त्याने पाटे भट्टीत तापवले होते, घणाने सपाट केले होते आणि पुन्हा पाणी दिले होते. तडा कुठे नव्हता. त्याने दोन्ही बाजूंची उंची अगदी सारखी ठेवली होती. पण पाट्याचा पुढचा अर्धा भाग मागच्यापेक्षा अधिक सपाट झाला होता. त्यामुळे पाट्याला खालून बांधलेला मागचा आस पुढे कलला होता आणि आसाच्या मधल्या गोळ्याचे नाक, ज्यात इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट जोडलेला असतो, ते जमिनीकडे झुकले होते. वजन पडले की ते आणखी झुके. बैलगाडीच्या आसाला असे नाक नसते. तिच्यात फिरणारा शाफ्ट नसतो. आस पुढे कलला काय, मागे कलला काय, चाक चालतेच. लोहाराने आयुष्यभर त्याच गाड्या केल्या होत्या.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. त्यांना आम्ही क्रॉस म्हणतो. दोन्ही टोकांचा कल सारखा असेल तर एक क्रॉस जो झटका देतो तो दुसरा खाऊन टाकतो. कल वेगळे झाले की झटका उरतो आणि वेगाबरोबर वाढतो. शाळेतल्या कोनमापकाला दोरा बांधून आणि दोऱ्याला नट अडकवून मी दोन्ही टोकांचे कल मोजले. फरक हातभर अंतरावरून डोळ्यालाही दिसत होता.

तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. “काय करायचे?”

“सोपे काम आहे. पाटे बदलून गाडी होती तितकी उंच करायची. संध्याकाळपर्यंत होईल. थरथर राहणार नाही.”

“आनि आई?”

“किती उंच चालेल तिला?”

“हाय तेवढीच. लोहाराने आधी बोटभर उंच ठेवली होती, तर तिला टेकता आले नाय.”

“हे तू सांगतोस. मला पाहायचे आहे.”

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही ओव्याला गेलो. नवे सिमेंटचे घर होते. त्याच्या शेजारी जुने कौलारू घर गवताने भरून ठेवले होते. बाई ओट्यावर लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीच्या पायांखाली विटा होत्या, जेणेकरून उठताना वाकावे लागू नये. शरीर वाळले होते. खांदे मात्र ओझी वाहिलेल्या माणसाचे रुंद होते. त्यांनी मला आपादमस्तक पाहिले.

“ह्यो कोन?” त्यांनी मुलाला विचारले.

“मिस्तरी हायत.”

“मना वाटला, आनकी एक डाक्टर आनलास. तोंड तसाच हाय, कडू.”

“बाई,” मी म्हणालो, “तुमचा पाय किती उचलतो ते पाहायचे आहे. शक्य असेल तर दोन पावले चालून दाखवा.”

त्यांनी मुलाकडे पाहिले आणि हसायला लागल्या. हसताना कमरेत कळ आली असावी. एका हाताने त्यांनी खुर्ची धरली, पण हसणे थांबवले नाही.

“चालून दाखव, पाय दाखव! आरं, लग्नाचं बगायला आलाव का काय? माजं केस पन बगा, लांब हायत का. सुपारी कवा फोडायची?”

मुलगा लाजला. मी त्यांना म्हणालो की माझी पत्नी घरी आहे आणि ती परवानगी देणार नाही. यावर त्या आणखी हसल्या. मग स्वतःच उठल्या. मुलाने हात पुढे केला तो त्यांनी दूर सारला.

मी अंगणातली एक वीट त्यांच्या पायापुढे आडवी ठेवली. त्या चढल्या. तिच्यावर दुसरी ठेवली. पाय विटेच्या कडेला घासला आणि खाली आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खाली आला. कपाळावर घाम दिसला. तिसऱ्यांदा पाय उचलण्याआधी मी वीट काढून घेतली.

“पुरे. समजले.”

“तुमी काडलीत. मी नाय हारली,” त्या म्हणाल्या.

मग त्या गाडीपाशी आल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि मधल्या सीटच्या कडेवर टेकल्या. टेकल्या म्हणजे जेमतेम. टाचा उचलून त्यांनी शेवटचे बोटभर अंतर गाठले. टाचांखालच्या त्या जागेत माझे बोट जात होते. मी फीत लावून सीटची उंची मोजली. अंगठ्याच्या जाडीएवढीही गाडी उचलली असती तर त्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या असत्या. मुलाचे म्हणणे बरोबर होते. गाडी वर घेण्याचा सोपा मार्ग संपला.

“बाई, गाडी आहे तेवढीच खाली राहील,” मी सांगितले.

“आनि थरथरनार?”

“तेच काढायचे आहे. हलणार नाही असे मी म्हणत नाही. रस्ता जसा आहे तसा आहे.”

“हालूं दे. होडी पन हालते, तिच्यात काय मरत नाय मानूस. ह्यो थरथरतं ना, तवा हाडात मुंग्या शिरतात. मंग त्यांच्या सुया होतात. खाडीपुलावर जाईपरेंत मना वाटतं, हाड आता पिठावानी सांडंल.” त्या थांबल्या. “मी मरायला नाय भीत, मिस्तरी. मना ती गाडीच नको.”

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो म्हणाला, “आये, मी मीठ काढलं.”

“कनचं मीठ?”

त्याने पोत्यांची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. ताडपत्रीखाली भाताचे पोते असेल असे त्यांना वाटत होते.

“मोटारीत मीठ?” त्या म्हणाल्या. “आपल्या आगरातला बैल शाना व्हता रं तुज्यापक्षी. त्याला तरी कललं असतं, म्हातारी मागं बसली हाय.” पण हे म्हणताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच हाताचा आधार घेऊन त्या खुर्चीपर्यंत परतल्या.

माझ्यापुढे एकच मार्ग होता. उंची तशीच ठेवून आसाचे झुकलेले नाक वर करायचे. पाटा आणि आस यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवायची, जाड बाजू मागे आणि पातळ बाजू पुढे. आस तेवढा मागे फिरेल. पातळ पाचरेने गाडी सूतभर उचलली जाईल. तेवढे पुढच्या दांड्या किंचित सैल करून सांभाळता येईल, असा माझा हिशेब होता. बसगाड्यांना मी अशा पाचरी बसवल्या होत्या. खाली बसवलेल्या जीपगाडीला कधी बसवली नव्हती.

पनवेलमध्ये माझ्या ओळखीचा एक टर्नर होता. लेथवर वाकून तो दिवसभर पानसुपारी चघळत असे. मी त्याला कागदावर आकृती काढून दिली. त्याने ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी.

“काका, पाचर लोक कशात मारतात? फणसाच्या ओंडक्यात, नाही तर दुसऱ्याच्या कामात. मोटारीत मारलेली पाहिली नाही.”

“जोडी हवी. दोन्ही सारख्या. मधोमध भोक.”

“कधी हव्यात?”

“मी इथे उभा आहे.”

“म्हणजे आत्ता. बसा तरी.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर त्याने चहा मागवला असता आणि गप्पा सुरू केल्या असत्या. पाचरी हातात आल्या तेव्हा त्या गरम होत्या. दोन्ही एकमेकींवर उलट्या ठेवून पाहिल्या. वरची आणि खालची बाजू समांतर आली. काम चोख होते. तसे त्याला सांगितले.

कार्यशाळेत आस सैल करून पाचरी बसवण्यास वेळ लागला. मुलगा सांगितलेले काम करत होता. जॅक धरणे, नट पुसणे. एकदाही त्याने घड्याळाकडे पाहिले नाही, परंतु दर थोड्या वेळाने सूर्याकडे पाहत होता. पाचरी बसल्यावर पुन्हा कोन मोजला. दोन्ही टोके जुळली. पुढच्या दांड्यांचे बोल्ट किंचित सैल केले आणि सीटची उंची फितीने तपासली. ती दुपारी होती तेवढीच होती.

कळंबोलीच्या रस्त्यावर मी मधल्या सीटवर बसलो आणि चालवायला त्याला सांगितले. पासष्ट. काही नाही. सत्तर. काही नाही. तो पुढून ओरडला, “काका, गेली! थरथर गेली!”

“रस्त्याकडे पाहा. पंचाहत्तर घे.”

पंचाहत्तरला तळव्याला बारीक गुणगुण लागली. पूर्वीच्या तुलनेत ती काहीच नव्हती. निरोगी माणसाला जाणवलीही नसती. मी डोळे मिटून तळवा सीटवर ठेवला आणि दुपारी ऐकलेल्या मुंग्यांचा विचार केला. ही गुणगुण म्हणजे त्या मुंग्याच होत्या. सुया अजून झाल्या नव्हत्या, एवढेच.

“परत फिरव,” मी म्हणालो.

“राहू द्या ना, काका. एवढे चालेल. साठवर नेतो मी.”

“उतारावर साठवर राहशील? मागून मालट्रक आला तर?”

त्याने गाडी फिरवली.

शाफ्ट उतरवल्यावर कारण हाती लागले. इतके दिवस वाकड्या कोनात फिरून मागच्या क्रॉसच्या बेअरिंगमधल्या बारीक पोलादी सुया झिजल्या होत्या. बोटात धरून फिरवला तर तो एका जागी अडत होता. कळंबोलीला मालट्रकांचे सुटे भाग विकणारी दुकाने होती. मुलगा रिक्षाने गेला आणि नवा क्रॉस घेऊन आला. तो मी बसवला, ग्रीस भरले, शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवरच्या खुणा जुळवल्या. या वेळी चाचणीला ऐंशीपर्यंत गेलो. तळव्याला रस्ता लागत होता, दुसरे काही नाही.

परंतु माझा तळवा म्हणजे त्या बाईंची कंबर नव्हे. उद्या सकाळी निघून खाडीपुलावर त्यांनी परत फिरायला सांगितले तर दिवस गेला असता. मी मुलाला म्हणालो, “आजच बसवू. उजेड आहे तोवर.”

ओव्याला पोहोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या टोकावर गेले होते. बाईंना बोलावले. त्या आल्या, पण गाडीपासून चार हातांवर थांबल्या.

“मना उद्याचा सांगितलावता.”

“उद्याचे उद्या. आज फक्त रस्त्यापर्यंत.”

“आनि मी बोलली, थांबवा, तं?”

“तर थांबवीन.”

“ह्यो नाय थांबवत. बोलतं, आलंच, आये, आलंच.”

“आज मी त्याच्या शेजारी बसणार आहे. तुम्ही नुसता हात वर करा.”

त्या पाठमोऱ्या झाल्या, टाचा उचलल्या आणि टेकल्या. मुलाने पाय फिरवून आत घेतले. खिडकीच्या वरची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली. बोटांची पेरे पांढरी झाली होती. मी पुढे बसलो आणि आरसा माझ्याकडे वळवला. मला रस्ता पाहायचा नव्हता.

गावाच्या रस्त्यावर गाडी हलली. त्यांचा हात वर झाला नाही. बेलपाड्याजवळ आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मुलगा चाळीसवर रेंगाळू लागला.

“घे,” मी म्हणालो.

पन्नास झाले. पन्नासलाच त्यांना पहिली कळ येत असे. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि ओठ आत घेतला. पंचावन्न. साठ. मुलाच्या मानेवरून घाम उतरत होता. पासष्टला बाईंनी डोळे उघडले. त्या खालच्या पत्र्याकडे पाहत होत्या, जणू तिथून काही तरी वर यायचे होते आणि ते आले नव्हते. सत्तर. वाऱ्याने त्यांचा पदर डोक्यावरून उडाला. काही वेळ त्यांनी तो तसाच राहू दिला. मग एक हात मुठीवरून सोडला, पदर ओढून घेतला, कानामागे खोचला. तो हात पुन्हा मुठीकडे गेला नाही. मांडीवर राहिला.

“काच लाव रं,” त्या म्हणाल्या. “थंड लागतं.”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला समोर पाहायला सांगितले.

बेलापूरच्या आधी गाडी वळवली. परतताना त्यांनी एकदाच तोंड उघडले, तेही मुलाशी, गुरांना पाणी दाखवलेस का एवढे विचारायला. अंगणात उतरल्यावर त्या ओट्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि श्वास घेतला.

“उद्या कवा निगायचा?”

“साडेसातला,” मुलगा म्हणाला. तो उगाच मागचे दार उघडून आतले ताडपत्रीचे तुकडे गोळा करू लागला.

“सातला निग,” त्या म्हणाल्या. “पुलावर मालट्रकांची रांग लागते. आनि मिस्तरीला चा दे. सकालपासनं उपाशी असंल. तोंड तसाच दिसतंय.”

त्यांचे राहिलेले शेक जानेवारीत पूर्ण झाले, एवढे इथेच लिहून ठेवतो. कारण पुढे मला त्या दिवसाखेरीज काही लिहायचे नाही. चहा मी घेतला. गूळ घातलेला होता.

नवीन पाचर पहिल्या धावेत थोडी दबते आणि तिला धरणारे यू बोल्ट सैल होतात. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही. मी मुलाकडून गोणपाट मागितले, ते अंगणात अंथरले आणि दिवा घेऊन गाडीखाली शिरलो. आठही नट पाना लावून पाहिले. डावीकडचे तीन पाव फेरा आत गेले, उजवीकडचा एक. बाकीचे हलले नाहीत. ते चार मी पुन्हा तपासले, वर दुसरे नट चढवून पक्के केले आणि पाना पुसून पिशवीत ठेवला.